जपान : गर्दीपासून लांबची समुद्रकाठची गावं आणि बेटं, मे महिन्यात सहा रात्री

सुरंगी

11 ते 22 मे असा जपानचा बेत आहे. ओसाकाला उतरायचं, तोक्योहून परत. क्योतोच्या तीन आणि तोक्योच्या दोन रात्री ठरल्या आहेत. उरलेल्या सहा रात्री समुद्राकाठी काढायच्या आहेत. आम्ही चौघं : आम्ही दोघं आणि आई-बाबा (63 आणि 67). बाबा मासे आवडीने खातात, पण जिने चढताना गुडघे कुरकुरतात. आई पूर्ण शाकाहारी.

यादीत आत्ता नाओशिमा (कलासंग्रहालयांचं बेट) आणि इने (पाण्याला लागून घरं असलेलं गाव) आहेत, पण दोन्हीकडच्या ताज्या फोटोंत माणसंच माणसं दिसतात. मच्छीमारांचं साधं गाव, शांत बंदर, एखादं छोटं बेट एवढंच हवं आहे. सहा रात्रींत किती ठिकाणं करावीत? छोट्या बोटींचं तिकीट आधी काढावं लागतं का? आणि समुद्र खवळला तर बेटावर अडकायला होतं, त्याचं काय करतात?

---

खलाशी

तारखा उत्तम निवडल्यात. एप्रिलअखेर ते 5 मे ही जपानी सुट्ट्यांची 'गोल्डन वीक' संपलेली असते आणि पावसाळा जूनमध्ये लागतो. मधले हे चार आठवडे किनाऱ्यावर सगळ्यात मोकळे.

सहा रात्रींत दोनच मुक्काम करा. चार रात्री सेतो अंतर्गत समुद्राकाठी (जपानच्या मोठ्या बेटांच्या मधला समुद्र) आणि दोन रात्री इनेला. तिसरं ठिकाण घुसवलंत तर दोन दिवस निव्वळ गाडी-बोट बदलण्यात जातील.

सेतोसाठी तळ फुकुयामाला ठेवा. शिन-ओसाकाहून शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) साधारण एक ते सव्वा तास. 'नोझोमि' या सर्वांत जलद सेवेच्या सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेवढं तिकीट काढताना बघा. फुकुयामा शहर म्हणून खास नाही, पण तिथून बसने अर्ध्या तासावर तोमोनोउरा आहे आणि लोकलने पाव तासावर कासाओका. म्हणजे एकाच खोलीत सामान ठेवून बंदर आणि बेटं दोन्ही होतात. चारातल्या दोन रात्री तोमोनोउरातच काढल्यात तर आणखी चांगलं, कारण पाचची बस गेली की गाव तिथल्या लोकांचं होतं.

तोमोनोउरा मोठं झालं ते भरती-ओहोटीमुळे. सेतो समुद्रात पूर्वेकडून किइ आणि पश्चिमेकडून बुंगो या सामुद्रधुन्यांतून भरतीचं पाणी शिरतं आणि दोन्ही प्रवाह तोमोच्या समोर भेटतात. शिडाच्या जहाजांना पुढे जायचं तर पाणी फिरेपर्यंत इथे थांबावंच लागे. 'शिओमाचि', म्हणजे भरतीची वाट बघणं, हा शब्द तिथे सारखा कानावर पडेल. बंदराचा बाक अजून जुनाच आहे. 1859 चा दगडी दीपस्तंभ, लाटा अडवणारे बांध, आणि पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, ज्यांना 'गांगि' म्हणतात. आपल्याकडे नदीला घाट असतो तसा हा समुद्राला. मोठ्या भरती-ओहोटीत पाणी तीन मीटरहून जास्त वरखाली होतं. पाणी कुठेही असो, माल उतरवायला समोर एक पायरी असायचीच.

लहान मुलांना गंमत वाटावी अशी एक जागा लोक न बघता पुढे जातात : 'तादेबा'. लाकडी जहाजाचं बूड पोखरणारे किडे मारायला भरतीत जहाज इथल्या फरसबंदीवर आणायचे, ओहोटीत ते टेकलं की खाली जाळ-धूर करून बूड शेकायचे आणि पुढच्या भरतीला परत पाण्यात. ती फरसबंदी फक्त ओहोटीला उघडी पडते, त्यामुळे त्या दिवसाची ओहोटीची वेळ बघून जा.

फुकुझेनजि देवळाची समुद्राकडची बैठक चुकवू नका. 1711 मध्ये कोरियाच्या राजदूतमंडळाने या देखाव्याला जपानमधला सर्वांत सुंदर म्हटलं होतं. तातामीवर (गवती चटईवर) बसून खांबांच्या चौकटीतून समोरची बेटं बघायची. बाबांना खाली बसणं जमत नसेल तर दाराशी 'इसु' (खुर्ची) मागा. सेन्सुइजिमा हे समोरचं बेट बोटीने पाच मिनिटांवर आहे, सकाळी दोन तास पुरतात.

मग कासाओका. स्टेशनपासून बंदर चालत सात-आठ मिनिटं. इथून शिराइशि, कितागि, मानाबे अशा बेटांच्या बोटी सुटतात. तुमच्यासाठी शिराइशि. जलद बोटीने सुमारे 22 मिनिटं, साध्या बोटीने 35. वाळूचा किनारा आहे, त्याला लागूनच घरगुती निवास, आणि किनाऱ्यालगतचा रस्ता सपाट, त्यामुळे बाबांना चालता येईल. तुम्ही दोघं डोंगरधारेवरची पायवाट करा, वर ग्रॅनाइटच्या मोठ्या शिळा आहेत आणि चहूकडे बेटं. तिथलं बोन-नृत्य (पूर्वजांच्या स्मरणाचं) 2022 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, पण ते ऑगस्टमध्ये असतं.

मानाबेशिमा आणखी शांत आहे. जलद बोट पाऊण तास, साधी सव्वा तास. पण चढ आहेत आणि खायला जागा जवळजवळ नाही. कितागि हे दगडाच्या खाणींचं बेट. तिथला ग्रॅनाइट ओसाकाच्या किल्ल्यापासून बँक ऑफ जपानच्या इमारतीपर्यंत पोचला आहे. बांधकामात रस असेल तरच जा.

नाओशिमा मी या बेतात धरणार नाही. तिथे कलासंग्रहालयांसाठी जायचं असतं. चिचु संग्रहालयाचं वेळेचं तिकीट ऑनलाइन आधी काढावं लागतं आणि सोमवारी बरंचसं बंद असतं. मच्छीमारांचं गाव बघायला म्हणून गेलात तर निराश व्हाल.

---

ताडगोळा

इनेबद्दल थोडं वेगळं मत. गर्दी आहे, पण ती साधारण अकरा ते तीन या वेळेची. क्योतो-ओसाकाहून येणाऱ्या दिवसाच्या सहलींच्या बसेस तेवढ्यातच असतात. मुक्काम करणाऱ्याला संध्याकाळ आणि सकाळ रिकामी मिळते. म्हणून इनेला राहायला मिळत असेल तरच जा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत हा बेत करू नका. क्योतोहून 'हाशिदाते' गाडीने आमानोहाशिदाते दोन तास आणि वर थोडी मिनिटं, तिथून बसने सुमारे एक तास.

तिथल्या 'फुनाया' म्हणजे खाली होडी आणि वर खोली अशी घरं. सुमारे 230 आहेत, खाडीच्या कडेने एकाला एक लागून. ती पाण्यावर टिकून आहेत याला भूगोल कारण आहे. जपान समुद्राच्या बाजूला असूनही ही खाडी दक्षिणेला उघडते, तिन्ही बाजूंनी डोंगर, आणि तोंडावर आओशिमा बेट बांधासारखं आडवं. भरती-ओहोटीचा फरकही जेमतेम अर्धा मीटर. तोमोनोउरात तीन मीटरसाठी पायऱ्या बांधाव्या लागल्या, इथे समुद्र थेट उंबऱ्याला लावता आला. दोन्ही एकाच प्रवासात बघण्यात मजा आहे ती ह्याची.

तळमजल्याची फरशी पाण्याकडे उतरती असते, होडी आत ओढून घ्यायला. आताच्या मोठ्या बोटी आत मावत नाहीत, त्या बाहेर बांधलेल्या दिसतील. घरासमोर पाण्यात दोरीला बांधलेला पिंजरा दिसला तर तो 'मोंदोरि'. त्यात माशांची डोकी-काटे घालून सोडतात आणि अडकलेले मासे सकाळी वर काढतात. दोरीला हात लावू नका. उघड्या दारातून आत डोकावणंही नको, रस्त्याच्या दोन्ही बाजू एकाच कुटुंबाच्या असतात : डोंगराकडे राहतं घर, पाण्याकडे फुनाया. मधल्या रस्त्यावर उभं राहून फोटो काढणं म्हणजे कुणाच्या तरी अंगणात उभं राहणं.

इनेमध्ये रात्रीचं जेवण ही खरी अडचण. संध्याकाळी चालू असणारी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि तीही आधी जागा धरल्याशिवाय घेत नाहीत. 'इप्पाकु निशोकु', म्हणजे एक रात्र दोन जेवणं, असंच आरक्षण करा. 'सुदोमारि' (फक्त झोपण्याची सोय) स्वस्त दिसतं, पण मग आमानोहाशिदातेहून खायचं बरोबर न्यावं लागतं.

आता बोटी. सेतोतल्या छोट्या बोटींना आरक्षण नसतं. धक्क्यावर तिकीट घ्यायचं किंवा काही ठिकाणी आत बसल्यावर पैसे द्यायचे. रोख आणि सुटे ठेवा. धक्का तरंगता असतो, त्यामुळे ओहोटीला जोडफळीचा उतार तीव्र होतो. बाबांसाठी शक्यतो भरतीच्या जवळची फेरी धरा किंवा निदान हातात सामान देऊ नका.

खवळण्याबद्दल : सेतो समुद्र चहूबाजूंनी बंद असल्याने मेमध्ये लाटांमुळे बोट रद्द होणं विरळ. तिथला वसंतातला खरा त्रास धुक्याचा. पहाटे धुकं दाटलं की सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या फेऱ्या खोळंबतात, ऊन वर आलं की सुटतात. म्हणून बेटावरून परतून त्याच सकाळची शिनकानसेन गाठायची असा बेत करू नका, मध्ये तीन-चार तास सोडा.

एक शब्द लक्षात ठेवा : 'केक्को', म्हणजे फेरी रद्द. दुसरा 'जोकेन-त्सुकि', म्हणजे अटीवर सुटणार : बोट निघेल, पण धक्क्याला लागता आलं नाही तर तशीच परत फिरेल. दोन्ही शब्दांची जपानी अक्षरं फोनमध्ये चित्र म्हणून साठवून ठेवा. धक्क्यावरच्या फळ्यावर इंग्रजी नसतं.

---

सुरंगी

दोघांचेही मनापासून आभार. फुकुयामा-तोमो-शिराइशि आणि इने हेच पक्कं करते. आणखी तीन गोष्टी. आईच्या जेवणाचं काय? इनेला गाडी भाड्याने घेणं शहाणपणाचं आहे का? आणि तोक्योच्या दोन रात्रींतली एक इझु बेटांवर घालवता येईल का? शिकिनेजिमाचे समुद्राकाठचे गरम पाण्याचे झरे फार आवडलेत.

---

ताडगोळा

इझुचं आधी सांगतो : परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अजिबात नको. ती बेटं उघड्या पॅसिफिकमध्ये आहेत, 'जोकेन-त्सुकि' तिथे नेहमीचं. ओशिमाला तर मोतोमाचि आणि ओकादा अशी दोन बंदरं आहेत आणि वारा बघून कुठल्या बंदराला लागायचं ते त्याच दिवशी सकाळी ठरतं. कोझुशिमा, हाचिजोजिमा यांचंही तसंच. पोचायला तोक्योच्या ताकेशिबा धक्क्यावरून रात्रीचं मोठं जहाज किंवा दिवसाची जेटबोट. ओशिमा जेटने पावणेदोन तास. शिकिनेजिमा त्याच्याही पुढे.

आणि तुम्हाला आवडलेला झरा बहुधा जिनाता असणार, खडकाच्या अरुंद घळीतला. उगमाला पाणी सुमारे 80 अंश असतं. त्यात समुद्राचं पाणी मिसळेल तेवढंच ते अंगाला सोसतं, म्हणजे ओहोटीला चटका आणि पूर्ण भरतीला गार. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून मधली वेळ साधावी लागते, वर जाताना खूप पायऱ्या. बाबांना तो जमणार नाही. बंदराजवळचं मियाबि-यु सोपं आहे, भरती-ओहोटीवर अवलंबून नाही आणि नुसते पाय बुडवून बसायचीही सोय आहे. दोन्हीकडे पोहण्याचे कपडे लागतात. पुढच्या खेपेला तोक्योला आधी उतरा आणि इझु सुरुवातीला घ्या, म्हणजे अडकलात तरी मागे दिवस शिल्लक असतील.

---

पानवेल

आईंच्या जेवणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण 'मी शाकाहारी आहे' एवढं सांगून किनाऱ्यावरच्या गावात काम भागत नाही. मांस-मासा ताटात दिसत नसला तरी 'दाशि' असतो. दाशि म्हणजे जवळजवळ प्रत्येक रश्शाचा पाया. तो वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या किसाचा असतो, नाहीतर सेतोच्या भागात 'इरिको'चा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातल्या छोट्या सुक्या माशांचा. कागावा प्रांतातलं इबुकि बेट इरिकोसाठीच प्रसिद्ध आहे. मासा जाळ्यात आला की वेगवान बोटीने थेट किनाऱ्यावरच्या भट्टीत आणून उकळतात, कारण वेळ गेला तर पोट फुटतं, सुकल्यावर रंग जातो आणि रस्सा कडवट होतो. बाबांना हे बघायला आवडलं असतं, पण हंगाम जूनमध्ये सुरू होतो, मेमध्ये भट्ट्या थंड असतात.

म्हणून मिसो सूप, उदोन आणि सोबा (नूडल्स), भाज्यांची उकड, अंड्याची गुंडाळी या सगळ्यांत मासा आहे असंच धरून चाला. तेम्पुरा भाजीचा मिळाला तरी सोबतचं सॉस दाशिचंच, ते सोडून मीठ मागा ('शिओ'). गार तोफूवर बोनिटोचा कीस भुरभुरलेला येतो, आधीच नको म्हणावं. नात्तोबरोबरच्या (आंबवलेलं सोयाबीन) छोट्या पुडीतही माशाचा अर्क असतो, पुडी बाजूला ठेवून साधा सोया सॉस घालावा. उमेबोशीतही (खारवलेलं उमे फळ) काही वेळा बोनिटो मिसळलेला असतो. न विचारता चालेल असा फक्त पांढरा भात. लोणच्याचंही विचारून घ्या.

आरक्षण करतानाच लिहून कळवा, त्या दिवशी सांगू नका. घरगुती निवासात बाजार आदल्या दिवशी होतो आणि रात्रीचं जेवण सहाला. वाक्य असं : 'निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ तो इरिको नो दाशि मो ताबेरारेमासेन. कोम्बु दाशि वा दाइजोबु देस.' म्हणजे मांस-मासा खात नाही, बोनिटो-इरिकोचा दाशिही चालत नाही, कोम्बु या समुद्रशेवाळाचा दाशि चालेल. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नुसतं 'नको' सांगितलं तर यजमान घाबरून नकार देतात. कोम्बुची वाट दाखवली की बऱ्याचदा हो म्हणतात. शिंपले, कोळंबी चालत नाही हेही वेगळं लिहा, ते 'साकाना'त धरले जात नाहीत.

तरी एखाद्या वेळेला भातच समोर येईल. मेतकूट, दाण्याची नाहीतर लसणाची कोरडी चटणी न्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मांसाचे पदार्थ जपानच्या कस्टमला चालत नाहीत. मे आहे म्हणून भेटीला हापूस घेऊन जाल, तर प्रक्रिया आणि प्रमाणपत्राशिवाय तो विमानतळावरच काढून घेतील. शिराइशिला जाताना पाणी-खाणं फुकुयामा स्टेशनवरच घ्या. ओनिगिरी (भाताचा भरलेला गोळा) घ्यायची तर कोम्बुची किंवा उमेची, पण त्यांच्या वेष्टनावरही घटक वाचून घ्या, मसाल्यात दाशि असू शकतो.

---

घाटमाथा

गाडीचं मी सांगतो. आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या जिनिव्हा करारातला आहे आणि जपान तोच मानतं, त्यामुळे तो चालतो. 'सारथी' संकेतस्थळावर अर्ज, शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्टची प्रत लागते. ऑनलाइन जाहिराती करून खासगी लोक विकतात ती 'आंतरराष्ट्रीय लायसन्स'ची कार्डं तिथे कवडीमोलाची. मूळ लायसन्स, हा परवाना आणि पासपोर्ट तिन्ही बरोबर लागतात. गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे आपल्याला सोपं.

पण घ्यावी का? इने गावात चालायचंच असतं. रस्ता दोन गाड्यांना जेमतेम आणि घरांसमोर थांबायला मनाई. गाडी घ्यायचीच तर एका दिवसासाठी, आमानोहाशिदाते किंवा मियाझुहून. इनेच्या उत्तरेला समुद्राला टेकलेली सोदेशिची भातखाचरं आणि 1898 चा क्योगामिसाकि दीपगृह बसने एका दिवसात नीट जमत नाहीत. मेच्या मध्यात खाचरांत पाणी असतं. दीपगृहाची चढण खडी आहे, बाबांनी खाली थांबावं. चार माणसं आणि बॅगा असतील तर पिवळ्या पाटीची छोटी 'केइ' गाडी अपुरी पडेल, एक आकार वरची घ्या.

जेआर पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे पास) घेऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा पास 29,650 वरून 50,000 येन झाला. तुमच्या मार्गाला सुटी तिकिटंच परवडतील. मोठं तिकीट एकच, शेवटचं क्योतो-तोक्यो.

---

खलाशी

क्रमाबद्दल एक बदल सुचवतो. ओसाकाला उतरून पहिल्यांदा फुकुयामा, मग क्योतो, तिथून इने, आणि परत क्योतोमार्गे तोक्यो. मोठ्या बॅगा क्योतोच्या हॉटेलात ठेवून दोन रात्रींच्या पाठपिशव्या घेऊन इनेला जा. तिथल्या बसमध्ये मोठी बॅग ठेवायला जागा नसते. किंवा हॉटेलच्या काउंटरवरून 'ताक्क्युबिन'ने (सामान पोचवणारी सेवा) तोक्योच्या हॉटेलवर पाठवून द्या, दुसऱ्या दिवशी पोचते. बेटावर मात्र बॅग पाठवू नका, एखादा दिवस जास्त लागतो.

रोख पैशांची सोय फुकुयामालाच करा. बेटांवर आणि इनेला पोस्टाचं एटीएम हाच आधार, ते परदेशी कार्ड घेतं, पण पोस्ट छोटं असेल तर संध्याकाळी लवकर बंद होतं आणि शनिवार-रविवारी वेळ आणखी कमी किंवा बंदच. चौघांच्या दोन रात्रींचं भाडं रोख द्यावं लागेल असं धरून चला. 1,000 च्या नोटा आणि 100 ची नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा. बसच्या यंत्रात 10,000 ची नोट मोडत नाही.

आणि शिराइशिला पोचल्या पोचल्या, धक्क्यावरून हलायच्या आधी, परतीच्या शेवटच्या बोटीच्या वेळेचा फोटो काढा. आठवड्याचे दिवस आणि सुट्टीचे दिवस यांची वेळापत्रकं काही मार्गांवर वेगळी असतात आणि साधी बोट, जलद बोट यांचे धक्के कासाओकाच्या बाजूला एकच आहेत की नाहीत तेही तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. रात्री मुक्काम नसेल तर शेवटच्या नाही, त्याच्या आधीच्या बोटीने निघा.

---

सुरंगी

क्रम उलटा केला. शिराइशिच्या निवासाला आणि इनेला आजच कोम्बुचं वाक्य जोडून मेल करते. तादेबासाठी 13 तारखेची ओहोटीची वेळ कुठे बघायची?

---

खलाशी

जपानच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर बंदरनिहाय भरती-ओहोटीची कोष्टकं असतात, फुकुयामाच्या जवळचं बंदर निवडा. सेंटिमीटरमधली संख्या सगळ्यात लहान असेल ती वेळ धरा आणि त्याच्या अर्धा तास आधी तिथे पोचा. फरसबंदीवर शेवाळ असतं, बाबांना वरच्या बांधावरूनच दाखवा.